सहलीची आखणी

(सहलीला जायला सर्वांनाच आवडते. पण सहल चांगली व्हायची असेल तर घरातून निघण्यापूर्वीच पुष्कळ विचार करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील निसर्ग, कला आणि वारसा एका सहलीत कसे पाहता येतील, ते या पाठात सांगितले आहे.)



सहलीचा विषय निघाला की वर्गात एकच गलका होतो. कोणी अजिंठा म्हणतो, कोणी चिखलदरा म्हणतो, कोणी ताडोबा. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. "इथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे आपणच म्हणतो. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा आहे. एका बाजूने वर्धा नदी आणि दुसऱ्या बाजूने पैनगंगा नदी त्याची सीमा आखते. एवढ्या मोठ्या मुलखात पाहण्यासारखे काहीच नसेल, असे कसे होईल? ते आपण शोधले नाही, इतकेच.

तेव्हा आपण एक काम करू. दोन दिवसांची सहल कागदावर आखू. प्रत्यक्ष जाणे पुढे होईल. आखणी नीट झाली की अर्धी सहल झाली असे समजा.

या कामात तुम्हांला एक गंमत दिसेल. सहलीच्या आखणीसाठी मराठीत जे शब्द लागतात, त्यांतील बरेचसे तुमच्या घरातलेच आहेत. नकाशा, रस्ता, मुक्काम, तारीख, खर्च, हिशेब, तयारी हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. तुम्ही ज्याला 'मंज़िल' म्हणता, त्याची मराठीत 'मजल' झाली. तुमचा 'विरसा' मराठीत 'वारसा' झाला. 'हंगामा' म्हणजे गोंधळ हे तुम्हांला ठाऊक आहे; पण मराठीत 'हंगाम' म्हणजे ऋतू किंवा योग्य काळ, हे लक्षात ठेवा. यवतमाळ हे नावसुद्धा 'येवता' या गावाच्या नावाला 'महाल' हा शब्द जोडून झाले, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे. 'महाल' म्हणजे येथे राजवाडा नव्हे, तर महसुलासाठी केलेला प्रदेशाचा भाग.

यादी नको, सूत्र हवे

पहिली चूक बहुतेक जण अशी करतात की, ते स्थळांची लांबलचक यादी करतात. यादीतले प्रत्येक स्थळ दहा मिनिटे पाहायचे आणि पुढे पळायचे. घरी आल्यावर काय पाहिले ते आठवत नाही. म्हणून सहलीला एक सूत्र असावे. माळेतील मणी जसे दोऱ्याने जोडलेले असतात, तशी स्थळे एकमेकांशी जोडलेली असावीत.

आपल्या जिल्ह्यात असे सूत्र सापडते काय? सापडते. ते आपल्या पायाखालीच आहे. तो आहे काळा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. तो थरावर थर साचून थंड झाला आणि त्याचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट तयार झाला. हा दगड झिजून काळी माती झाली. ही माती ओलावा धरून ठेवते, म्हणून तिच्यात कापूस पिकतो. कापसासाठी इंग्रजांच्या काळात येथे आगगाडी आली. याच दगडातून कारागिरांनी देवळे उभी केली. म्हणजे निसर्ग, कला आणि इतिहास हे तीन वेगळे विषय राहिले नाहीत. दगडाचा धागा धरला की तिन्ही हाती लागतात.

हंगाम कोणता निवडावा?

आता काळ ठरवू. येथे एक अडचण येते. उमरखेड तालुक्याच्या सीमेवर पैनगंगा नदीवर सहस्रकुंड धबधबा आहे. तो पावसाळ्यात भरून वाहतो. तेव्हाच तो पाहावा. पण पावसाळ्यात टिपेश्वर अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. म्हणजे धबधबा आणि अभयारण्य एकाच सहलीत बसवता येत नाहीत. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राणी चांगले दिसतात, परंतु आपल्याकडचे ऊन लहान मुलांना सोसवत नाही.

म्हणून आपण हिवाळा निवडू. दिवाळीनंतर शेतात कापसाची बोंडे फुटलेली असतात. वेचणी चालू असते. जंगल खुले झालेले असते. सहस्रकुंड मात्र या वेळी सोडावे लागेल. सोडणे हासुद्धा आखणीचाच भाग आहे. ज्याला काही सोडता येत नाही, त्याला काहीच नीट पाहता येत नाही.

सोडलेल्या स्थळांची वेगळी नोंद ठेवा. पश्चिमेकडे पुसद तालुक्यात गहुली हे गाव आहे. १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी तेथे झाला. पुसद येथेच १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. यवतमाळच्या दक्षिणेला आर्णी येथे बाबा कंबलपोश यांचा दर्गा आहे. तेथे उर्साला सर्व धर्मांचे लोक येतात. ही स्थळे पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी राखून ठेवू.

नकाशा आणि मजल

जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. आपला मार्ग असा असेल : यवतमाळ, कळंब, राळेगाव, वडकी, पांढरकवडा, शिबला, परत पांढरकवडा, घाटंजी आणि यवतमाळ. म्हणजे ज्या वाटेने गेलो, बहुतेक त्याच वाटेने परत यायचे नाही. त्यामुळे दुप्पट मुलूख पाहून होतो.

अंतर मोजण्यासाठी एक दोरा घ्या. तो नकाशातील रस्त्यावर वळणावळणाने ठेवा आणि मग सरळ करून पट्टीवर मोजा. समजा, दोरा ७ सेंटिमीटर भरला आणि नकाशाचे प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर असे आहे. तर अंतर सुमारे ७० किलोमीटर झाले. मुलांनी भरलेली बस सरासरी ताशी ३५ किलोमीटर वेगाने जाईल असे धरा. म्हणजे दोन तास लागतील. त्यात चहापाण्याचा अर्धा तास मिळवा. दुपारचे जेवण आणि जोहरची नमाज यांसाठी एक तास वेगळा काढा. असे केले की एका दिवसात किती स्थळे बसतात ते आपोआप कळते.

बसभाडे, मुक्काम, जेवण, अभयारण्याचे शुल्क आणि वाटाड्याचे मानधन हे सर्व लिहून बेरीज करा. समजा, ४० मुलांसाठी २४,००० रुपये झाले. अडीअडचणीसाठी त्यात दहा टक्के, म्हणजे २,४०० रुपये मिळवा. एकूण २६,४०० रुपये. प्रत्येकी ६६० रुपये. एस.टी. महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात वेळेवर अर्ज करावा. ज्याला वर्गणी झेपत नाही, असा एकही मुलगा किंवा मुलगी मागे राहू नये. हे आखणी करतानाच ठरवावे, निघायच्या दिवशी नव्हे.

पहिला दिवस : दगड, देऊळ आणि कापूस

यवतमाळजवळच लोहारा हे गाव आहे. तेथे कमलेश्वराचे हेमाडपंती पद्धतीचे दगडी मंदिर आहे. ते अगदी जवळ असल्यामुळे सहलीच्या आधीच्या रविवारी पाहून घ्यावे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजांकडे हेमाद्री नावाचा विद्वान प्रधान होता. त्याच्या नावावरून या बांधणीला हेमाडपंती म्हणतात. यात चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत अडकवून भिंती उभारतात. दगडाचे वजन हेच त्याचे बंधन. सांध्यावर हळूच बोट फिरवून पाहा, म्हणजे कारागिराचे कसब समजेल.

सहलीच्या दिवशी सकाळी यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज रेल्वे स्थानकापासून सुरुवात करावी. येथून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग होता. लोक या गाडीला प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेण्यासाठी एका इंग्रज कंपनीने हा मार्ग बांधला. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार झाले होते. याच मँचेस्टरच्या गिरण्या त्या काळी कापडासाठी जगभर प्रसिद्ध होत्या. १९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे इंजिन आले. आता ही गाडी धावत नाही. गरिबांची ही गाडी बंद पडल्याची हळहळ म्हातारी माणसे अजून व्यक्त करतात. त्यांना नम्रपणे विचारा, "आजोबा, तुम्ही शकुंतलेने कधी गेला होता का? तिकीट किती होते?" त्यांची उत्तरे वहीत लिहून घ्या. ही माहिती आपल्या क्रमिक पुस्तकांत मिळणार नाही, आणि काही वर्षांनी ती सांगणारेही राहणार नाहीत.

तेथून सुमारे २३ किलोमीटरवर कळंब लागते. चक्रावती नदीकाठचे हे गाव चिंतामणी गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. हे मंदिर जमिनीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जावे लागते. कळंबचा इतिहासही मोठा आहे. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी' या फारसी ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील 'कलम' नावाच्या सरकारचा उल्लेख आहे. सरकार म्हणजे त्या काळचा जिल्हा. तो कलम म्हणजेच हे कळंब, असे मानले जाते. एकाच गावात गणपतीचे पुरातन मंदिर आणि मोगल दप्तरातील नाव! शिवाय २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या नव्या रुंद रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. एक आगगाडी गेली, दुसरी आली. दोन्हींची तुलना करून पाहा.

कळंबहून राळेगावकडे जाताना दोन्ही बाजूंना कपाशीची शेते दिसतात. बस थोडा वेळ थांबवावी. शेतात पाय ठेवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. कापूस वेचणाऱ्या बायकांना विचारावे, "मावशी, दिवसाला किती किलो वेचणी होते? मजुरी कशी मिळते?" बोंडाचे टोक बोटाला कसे टोचते, ते स्वतः एक बोंड वेचून पाहावे. आपल्या अंगावरचा सदरा कोणाच्या बोटांतून आला, ते तेव्हा समजते. कापसाला लोक पांढरे सोने म्हणतात. पण पाऊस आणि भाव यांनी दगा दिला की हेच सोने शेतकऱ्याला कर्जात बुडवते. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांनी हे दुःख सोसले आहे. म्हणून शेतात हसतखिदळत छायाचित्रे काढण्यापूर्वी ते शेत कोणाचे आहे, याचा विचार करावा.

संध्याकाळी वडकीवरून राष्ट्रीय महामार्गाने पांढरकवड्यास पोहोचून मुक्काम करावा.

दुसरा दिवस : जंगल, खांब आणि बांबू

पहाटे टिपेश्वर अभयारण्यात जायचे. १९९७ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. टिपाई देवीच्या नावावरून त्याचे नाव पडले. सागवान, बांबू आणि तेंदू यांचे हे जंगल आहे. वाघ, बिबट, अस्वल, नीलगाय, सांबर, चितळ येथे राहतात. एका जिप्सीत साधारण सहा जण बसतात. म्हणजे ४० मुलांना सात गाड्या लागतील. गाड्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून वनखात्याकडे आधी नोंदणी करावी.

येथील एका वाघाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरमधील एका तरुण वाघाच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओ पट्टा बसवला. त्याच वर्षी तो जागा शोधत जंगलाबाहेर पडला. शेते, ओढे, रस्ते ओलांडत, कधी महाराष्ट्रातून तर कधी तेलंगणातून चालत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याची चाल सुमारे १,३०० किलोमीटर झाली होती. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. आपण रस्त्याने जातो तेव्हा तो रस्ता प्राण्यांच्या वाटेवरूनही जातो, हे या वाघाने दाखवून दिले.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात एका वाघिणीच्या हल्ल्यांशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती वाघीण मारली गेली. पर्यटकाला वाघ दिसला की आनंद होतो. जंगलाकाठच्या गुराख्याला तोच वाघ दिसला तर त्याच्या काळजात धस्स होते. वाघ वाचला पाहिजे आणि गुराखीही वाचला पाहिजे. हे कसे साधेल, यावर वर्गात चर्चा करा.

दुपारी शिबला-पारडी परिसराकडे जावे. येथे २०२२ साली रस्त्याच्या कामासाठी माती काढताना दगडाचे विलक्षण खांब उघडे पडले. कोणी तासून उभे केल्यासारखे ते दिसतात. पण ते माणसाने केलेले नाहीत. लाव्हा थंड होताना आकुंचन पावतो आणि त्याला भेगा पडतात. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळला की त्याला पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. तसेच येथे झाले; फक्त भेगा खोलवर गेल्या आणि खांब तयार झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे.

विचार करा. रस्ता खोदला म्हणून हे खांब दिसले. आणि खोदकाम करणाऱ्यांच्या लक्षात आले नसते, तर त्यांची खडी होऊन त्याच रस्त्यावर पसरली गेली असती. कोट्यवधी वर्षे टिकलेली वस्तू एका दुपारी नाहीशी होऊ शकते. म्हणून अभ्यासकांनी हे खांब जपण्याची मागणी केली. आपण तेथे जाण्यापूर्वी गावात चौकशी करावी, आणि एक तुकडाही सोबत आणू नये. ४० मुलांनी एकेक तुकडा आणला, तर पुढच्या शाळेसाठी काय उरेल?

या भागात कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांच्या वाडीला पोड म्हणतात. त्यांची कोलामी ही बोली द्राविडी कुळातील आहे. बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणण्यात कोलाम कारागीर निपुण असतात. दिवाळीच्या सुमारास दंडार हे लोकनृत्यनाट्य रंगते. पोडात जायचे असेल तर आधी निरोप पाठवावा आणि तेथील वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी. "काका, टोपली कशी विणतात ते आम्हांला दाखवाल का?" असे विचारावे. विणताना बांबूच्या पट्ट्या एकाआड एक कशा जातात, ते वहीत चित्र काढून दाखवावे. टोपली विकत घेतली तर भावात घासाघीस करू नये. ज्या वस्तूला दिवसभराचे श्रम लागले, तिच्यातून दोन रुपये वाचवून आपण श्रीमंत होत नाही.

यानंतर घाटंजीमार्गे रात्री यवतमाळला परतावे.

सहल संपल्यावर

घरी पोहोचलो म्हणजे सहल संपली, असे नाही. ज्यांनी मदत केली त्यांना मराठीत आभाराचे पत्र लिहावे. वनरक्षक, बसचालक, पोडातील कारागीर, ज्यांच्या शेतात थांबलो ते शेतकरी, यांपैकी कोणालाही विसरू नये. गोळा केलेली माहिती एकत्र करून वर्गाचे हस्तलिखित तयार करावे. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू लिहिले, तर ते घरातील सर्वांना वाचता येईल.

लांबचे पाहावे, जग पाहावे. त्याला कोणाची ना नाही. परंतु जे जवळ आहे आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, ते आधी नाहीसे होते. शकुंतला थांबली. दगडाचे खांब थोडक्यात वाचले. बांबू विणणारे हात कमी होत आहेत. ज्याची आपल्याला ओळख असते, त्याचीच आपण काळजी घेतो. म्हणून आपल्या जिल्ह्याची सहल आखा, आणि आखताना मागे येणाऱ्या मुलांनाही हे सर्व पाहायचे आहे, हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश
सूत्र – धागा. अनेक गोष्टींना जोडणारा विचार
कसब – कौशल्य
पाणवठा – पाणी पिण्याची किंवा भरण्याची जागा
वेचणी – बोंडांतून कापूस काढण्याचे काम
पोड – कोलाम लोकांची वस्ती
घासाघीस करणे – भाव कमी करण्यासाठी ओढाताण करणे
काळजात धस्स होणे – एकदम भीती वाटणे

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सहस्रकुंड आणि टिपेश्वर एका सहलीत का बसवता येत नाहीत?
(आ) हेमाडपंती बांधणीचे वैशिष्ट्य कोणते?
(इ) शकुंतला रेल्वे कशासाठी बांधली गेली?

२. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) काळा दगड हे या सहलीचे सूत्र कसे ठरते?
(आ) वाघाविषयीच्या दोन बाजू लेखात कोणत्या सांगितल्या आहेत? तुमचे मत लिहा.

३. पुढील मराठी शब्दांना जवळचे उर्दू शब्द लिहा : मजल, वारसा, नकाशा, हिशेब, तयारी.

४. 'आजोबा', 'मावशी', 'काका' असे संबोधून अनोळखी वडीलधाऱ्यांना विचारायचे तीन प्रश्न तयार करा.

५. उपक्रम : तुमच्या तालुक्यातील एका दिवसाच्या सहलीची आखणी करा. मार्ग, अंतर, वेळ, खर्च आणि सोडून दिलेली स्थळे लिहा. ती का सोडली, तेही सांगा.